विजेच्या कारचा पोर्टेबल चार्जर बिघडला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कारसोबत मिळणाऱ्या, घरातल्या १५-१६ अँपिअरच्या तीन पिन सॉकेटला लावायच्या, साधारण ३.३ किलोवॉटच्या पोर्टेबल चार्जरबद्दल आहे. भिंतीवर बसवलेल्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरचे काही प्रश्न वेगळे असतात, पण अर्थिंगबद्दलचे उत्तर त्यालाही तसेच लागू पडते.

१. पोर्टेबल चार्जर बंद पडला म्हणजे गाडीचा चार्जर गेला का?

नाही. बॅटरी भरणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. तो एसी वीज घेऊन डीसी करतो. तुमच्या हातातली वायर, मधला डबा आणि पुढची गन हे राखणदारीचे काम करतात. अर्थिंग आहे का, गळती होते आहे का, प्लग तापतो आहे का हे डबा बघतो आणि सगळे ठीक असेल तरच आतला रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढून गाडीला २३० व्होल्ट देतो. किती अँपिअर घ्यायचे तेही तोच गाडीला सांगतो. गनमधल्या एका लहान पिनवरून १२ व्होल्टचा, सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल जातो आणि त्यातल्या 'चालू' काळाच्या टक्केवारीवरून गाडीला मर्यादा कळते.

म्हणून डब्यावर लाल दिवा लागला की लगेच 'चार्जर खराब' म्हणू नका. बऱ्याच वेळा डबा नीट काम करत असतो आणि घरातल्या वायरिंगमधली खोट दाखवत असतो.

२. चार्जर लावला, दिवा लागला, पण गाडी चार्ज होत नाही. सगळ्यात आधी काय बघू?

आधी गाडीतली सेटिंग्ज बघा. ठरावीक वेळी चार्जिंग सुरू करण्याचा टायमर लागलेला असतो, किंवा ८० टक्क्यांची मर्यादा ठेवलेली असते आणि बॅटरी आधीच ८१ वर असते. गाडी 'रेडी' अवस्थेत असेल तर काही मॉडेल चार्जिंग सुरूच करत नाहीत. १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली असेल तरी गाडीचा कंट्रोलर जागा होत नाही, आणि मोठी बॅटरी अर्धी भरलेली असूनही काहीच घडत नाही.

मग क्रम नीट पाळा. गन गाडीतून काढा, प्लग सॉकेटमधून काढा, दोन मिनिटे थांबा. प्लग सॉकेटमध्ये पूर्ण बसवा, स्विच लावा आणि डब्याची स्वतःची तपासणी होऊ द्या. हिरवा किंवा निळा दिवा स्थिर झाला की मगच गन गाडीत 'खट्' आवाज येईपर्यंत दाबा. आधी गन आणि मग स्विच अशा उलट्या क्रमाने काही डबे फॉल्टमध्ये जातात. बंद करताना आधी गाडीतून चार्जिंग थांबवा, मग गन काढा, शेवटी स्विच. चालू लोडवर प्लग ओढला की पिनेवर ठिणगी पडते आणि तिथूनच पुढे प्रश्न ७ मधले दुखणे सुरू होते.

३. दोष सॉकेटमध्ये आहे, चार्जरमध्ये की गाडीत, हे घरच्या घरी कसे ओळखू?

अदलाबदल करून. तोच चार्जर, तीच गाडी, पण सॉकेट दुसरे घ्या. शक्यतो दुसऱ्या इमारतीतले, कारण एकाच घरातल्या सगळ्या सॉकेटचे अर्थिंग एकच असते. तिथे नीट चालले तर खोट तुमच्या वायरिंगमध्ये. तिथेही नाही चालले, तर तुमचा चार्जर त्याच जातीची गन घेणाऱ्या दुसऱ्या गाडीला लावून बघा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक कारना टाइप २ ची गन लागते, त्यामुळे शेजाऱ्यांची गाडी वेगळ्या कंपनीची असली तरी चालते. त्या गाडीलाही चार्ज करत नसेल तर खोट चार्जरमध्ये. तिसरी चाचणी म्हणजे तुमची गाडी दुसऱ्या एसी चार्जरवर लावणे. तिथेही चार्ज होत नसेल तर गाडीच बघायला हवी.

इथे एक चूक फार जण करतात. 'हायवेवरच्या फास्ट चार्जरवर गाडी मस्त चार्ज झाली, म्हणजे गाडी ठीक आहे, पोर्टेबलच खराब' असा निष्कर्ष काढतात. फास्ट चार्जर डीसी वीज थेट बॅटरीला देतो, गाडीच्या आतल्या ऑनबोर्ड चार्जरला त्यात कामच नसते. ऑनबोर्ड चार्जर पूर्ण मेलेला असतानाही डीसी चार्जिंग झोकात चालते. तुलना एसी चार्जरशीच करा, नाहीतर नव्या पोर्टेबलचे पैसे वाया जातील.

४. 'अर्थ फॉल्ट'चा लाल दिवा येतो. पण घरात फ्रिज, गिझर, एसी सगळे चालते. मग अर्थिंग खराब कसे?

कारण फ्रिज, गिझर, एसी अर्थिंग तपासत नाहीत. फेज आणि न्यूट्रल मिळाले की ते चालतात, मग तिसरी पिन कुठेही जोडलेली नसली तरी चालतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत दोनच वायरी ओढलेल्या असतात, तीन पिनचे सॉकेट नुसते देखाव्याला. सोसायटीच्या पार्किंगमध्येही मीटर रूममधून दोन कोअरची केबल आणून पॉइंट काढून दिलेला सापडतो. वर्षानुवर्षे कुणाला कळत नाही. चार्जरला मात्र पहिल्या सेकंदाला कळते.

मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून तीन रीडिंग घ्या. सॉकेटकडे तोंड करून, मोठे भोक वर असताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. मीटर धरायची सवय नसेल तर हे वायरमनकडून करून घ्या.

फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल ते अर्थ शून्य ते तीन व्होल्ट असेल तर प्राथमिक चित्र चांगले आहे. फेज ते अर्थ ९० ते १४० च्या मध्ये डुगडुगत असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. ते आकडे नुसते शेजारच्या वायरींमुळे दिसणारे भुताटकी व्होल्टेज असते. न्यूट्रल ते अर्थ २३० आणि फेज ते अर्थ शून्य दिसले तर फेज-न्यूट्रल उलटे जोडले आहेत. काही डबे यालाही अर्थ फॉल्टच म्हणतात. सॉकेट उघडून दोन वायरींची अदलाबदल केली की काम झाले.

आता जरा अवघड भाग. तिन्ही रीडिंग अचूक आणि तरीही लाल दिवा, असे होते. मल्टीमीटर नगण्य करंट ओढतो, म्हणून एका गंजलेल्या तारेवर टिकून असलेले अर्थिंगही त्याला २३० दाखवते. तेव्हा घरातला गिझर सुरू करून न्यूट्रल ते अर्थ पुन्हा मोजा. दोनाचे आठ-दहा व्होल्ट झाले तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे किंवा वायर बारीक आहे. अर्थचा खरा कस बघायला वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा टेस्ट लॅम्प लावतात. तो फेज-न्यूट्रलवर लागतो तेवढाच प्रखर लागायला हवा, मिणमिणला तर अर्थिंग कमजोर. लाइनवर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडेल आणि ते बरोबरच आहे. यापेक्षा चांगले म्हणजे अर्थ टेस्टर असलेल्या परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजून घेणे. ५ ओहमच्या आत आला तर निर्धास्त राहा.

दुरुस्ती नेहमी साखळीने करा: सॉकेटची पिन, तिथून डीबीतली (घरातल्या मुख्य स्विचांच्या पेटीतली) अर्थ पट्टी, तिथून मीटर बोर्ड, तिथून खड्डा. बहुतेकदा तुटलेली कडी मीटर बोर्ड ते खड्डा या टप्प्यात, जमिनीलगत गंजलेल्या पट्टीच्या नटबोल्टवर सापडते.

५. वायरमन म्हणतो, 'सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, लाल दिवा जाईल.' करू का?

करू नका, आणि केले असेल तर आजच काढा. दिवा जातो हे खरे आहे, कारण चार्जरला न्यूट्रललाच अर्थ समजायला लावलेले असते. आता खांबावरून येणारा किंवा मीटरजवळचा न्यूट्रल तुटला असे समजा. पावसाळ्यात हे सर्रास घडते. घरात चालू असलेल्या एखाद्या पंख्यातून किंवा दिव्यातून फेज न्यूट्रलच्या वायरीवर येतो, तिथून त्या जोडणीतून अर्थ पिनवर आणि तिथून गनमधून गाडीच्या पत्र्यावर. ओल्या अंगणात उभ्या मुलाने दाराला हात लावला की करंट त्याच्यातून जमिनीत उतरतो.

सॉकेटचा स्विच बंद असला तरी हे घडते, कारण तो स्विच फक्त फेज तोडतो. चार्जरच्या डब्यातले गळती-संरक्षणही इथे हतबल आहे, कारण करंट त्याच्या मागच्या बाजूने, थेट अर्थच्या वायरीतून येतो. ट्रान्सफॉर्मरवर वीज कंपनी न्यूट्रल अर्थ करते ती गोष्ट वेगळी. सॉकेटमध्ये ते करायचे नसते. स्वतंत्र अर्थिंग खड्डा हाच उपाय आहे आणि त्याचा खर्च नव्या चार्जरपेक्षा बहुतेक वेळा कमीच येतो.

६. एप्रिल-मेमध्ये रोज अर्थ फॉल्ट येतो आणि जूनमध्ये आपोआप जातो. असे का?

माती वाळते म्हणून. अर्थिंगचा रोध मातीतल्या ओलाव्यावर अवलंबून असतो. देशावरची काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि पाइपापासून सुटते. कातळावरच्या घरांत तर खड्डाच मुळात उथळ गेलेला असतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओता; पाइपाच्या तोंडाशी नरसाळे असेल तर त्यातूनच. पाणी घातल्यावर तासाभरात लाल दिवा गेला तर निदान पक्के झाले. कायमचा उपाय म्हणजे पहिल्यापासून किमान पाइपाच्या लांबीइतक्या अंतरावर दुसरा इलेक्ट्रोड (जमिनीत पुरायचा पाइप) घालून दोन्ही जोडणे. कोकणात आणि गोव्याच्या किनारी प्रश्न ओलाव्याचा नसतो, तिथे खारट हवेने पट्टी आणि नट खातात; तांब्याची किंवा चांगले झिंक चढवलेली पट्टी वापरा आणि दर पावसाळ्यानंतर जोड उघडून बघा.

७. प्लग आणि सॉकेट खूप तापतात. एक पिन काळी पडली आहे. चार्जर बदलावा का?

आधी वापर थांबवा. तीन पिनचे सॉकेट गिझरसाठी ठीक असते, गिझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र सहा-आठ तास सलग १४-१५ अँपिअर ओढते. सॉकेटची आतली पितळी पकड जरा ढिली झाली आणि जोडावर ०.१ ओहम रोध आला, तर १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॉट उष्णता होते. एक लहान सोल्डरिंग आयर्न रात्रभर सॉकेटच्या पोटात चालू ठेवल्यासारखे आहे हे. तापल्याने पितळ नरम पडते, पकड आणखी ढिली होते, रोध आणखी वाढतो.

तपासायचे असे: अर्धा तास चार्जिंग झाल्यावर गाडीतून थांबवा, स्विच बंद करा, प्लग काढून पिना नव्हे तर प्लगचे अंग हातात धरा. कोमट असेल तर चालेल. पाच सेकंद धरवत नसेल तर सॉकेट बदलायला झाले.

काळी पडलेली पिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरू नका. वरचा मुलामा गेला की उघडे पितळ लवकर काळवंडते. जळलेली पिन नवे सॉकेट खराब करते आणि जळलेले सॉकेट नवा प्लग, म्हणून दोन्ही एकत्र बदलावे लागतात. नवे सॉकेट लावताना जुनी वायर नीट बघा. स्क्रूखाली वायरीचे दोन-चारच धागे पकडलेले असतात, किंवा इन्सुलेशन भाजून कडक झालेले असते. भाजलेला भाग कापून टाका, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावा, स्क्रू घट्ट करा आणि महिन्याने पुन्हा एकदा आवळा.

घरचाच पॉइंट नव्याने करणार असाल तर डीबीतून स्वतंत्र लाइन घ्या: ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा ए टाइप आरसीसीबी आणि नावाजलेल्या कंपनीचे १६ अँपिअरचे सॉकेट. त्या लाइनवर दुसरे काहीही नको.

८. चार्जर लावला की घरातला एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो. दोष कोणाचा?

पडतो कोण आणि कधी, यावर उत्तर ठरते. टेस्टचे बटण असते तो आरसीसीबी, नसते तो एमसीबी.

गाडीला गन न लावता, नुसता प्लग लावताच आरसीसीबी पडला तर डब्यात ओल किंवा शॉर्ट आहे. तो चार्जर बाजूला ठेवा. गन लावल्यावर, डब्यातून रिलेचा 'टक' आवाज आल्याबरोबर पडला तर गनमध्ये ओल आहे किंवा ऑनबोर्ड चार्जरमधून गळती होते आहे. प्रश्न ३ मधली अदलाबदल करा. दुसऱ्या घरी पडत नाही आणि तुमच्याच घरी पडतो, तर बहुधा दोन सर्किटांचा न्यूट्रल एकमेकांत मिसळला आहे. आरसीसीबी जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटचा हिशेब ठेवतो. न्यूट्रल दुसऱ्या वाटेने परत गेला की त्याच्या हिशेबी ती गळतीच. आरसीसीबी काढून टाकणे हा यावरचा उपाय नाही.

एमसीबी लावताच पडला तर शॉर्ट. वीस मिनिटे ते तासाभराने पडला तर तो तापून पडतो आहे. एमसीबीचे अँपिअर ३० अंश तापमानाला मोजलेले असतात. गच्चीखालच्या किंवा उन्हात तापलेल्या डीबीत १६ अँपिअरचा एमसीबी १५ अँपिअर सलग पेलत नाही. वायर ४ स्क्वेअर एमएमची असेल तर २० चा टाका. वायर बारीक असताना नुसता एमसीबी मोठा केला तर एमसीबीऐवजी वायर जळेल. मीटरजवळचा मुख्य एमसीबी पडत असेल तर वीज बिलावरचा मंजूर भार बघा. गिझर, एसी आणि गाडी एकाच वेळी चालू असतील तर तो ओलांडला जातो.

९. सुरू होते, पण मध्येच थांबते आणि काही वेळाने पुन्हा सुरू होते.

डबा स्वतःला सांभाळतो आहे. कारणे बहुतेकदा दोनच: उष्णता किंवा व्होल्टेज. काळा डबा दुपारच्या उन्हात जमिनीवर पडलेला असेल तर तो तापमानाच्या मर्यादेला पोचून थांबतो आणि थंड झाला की परत चालू होतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर दिवसा हे व्हायचेच. सावलीत, हवा लागेल असा टांगा. प्लगमध्येच तापमानाचा सेन्सर असलेले चार्जर सॉकेट तापल्यावर असेच वागतात, त्यासाठी प्रश्न ७. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पार खाली येते आणि मध्यरात्रीनंतर चढते, त्यामुळे 'रात्री अकराला चालत नाही, दोनला चालतो' अशी तक्रार आली की मीटर लावून दोन्ही वेळचे व्होल्टेज लिहून ठेवा. स्टॅबिलायझर लावायचाच असेल तर ५ केव्हीएचा घ्या आणि त्यातून अर्थची वायर अखंड पुढे जाते आहे ना ते बघा.

१०. पूर्वीपेक्षा चार्जिंगला दुप्पट वेळ लागतो. चार्जर 'कमजोर' झाला का?

चार्जर कमजोर होत नसतो, पण त्याने करंट कमी केलेला असू शकतो. पुष्कळ डब्यांवर ८, १०, १३, १६ अँपिअर निवडण्याचे बटण असते आणि ते उचलताना-ठेवताना दाबले जाते. गाडीच्या स्क्रीनवरही अशी मर्यादा असते.

खात्री करायला घरातली बाकीची मोठी उपकरणे बंद ठेवून विजेच्या मीटरचे रीडिंग लिहा आणि बरोबर एका तासाने पुन्हा घ्या. फरक ३ ते ३.३ युनिट आला तर चार्जर पूर्ण काम करतो आहे. १.८ च्या आसपास आला तर ८ अँपिअरवर चालू आहे. ३० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला १८ युनिट लागतात. वाटेतली तूट धरून भिंतीतून वीस-एकवीस, म्हणजे सव्वासहा तासांच्या आसपास. शेवटच्या काही टक्क्यांना गाडी मुद्दाम हळू होते, तो दोष धरू नका.

११. पार्किंगपर्यंत वायर पोचत नाही. एक्स्टेंशन बोर्ड चालेल का? गावी गेल्यावर कुठल्याही सॉकेटला लावू का?

बाजारातला एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. त्यातली वायर बहुधा १.५ स्क्वेअर एमएमची किंवा त्याहून बारीक असते. ३० मीटर लांबीच्या अशा वायरीत १५ अँपिअरला जवळपास ११ व्होल्ट पडतात आणि १६० वॉट उष्णता वायरीतच जाते. वायर गुंडाळून ठेवलेली असेल तर ती उष्णता बाहेरही पडत नाही. ४ स्क्वेअर एमएमच्या वायरीत तेवढ्याच अंतराला ४ व्होल्ट पडतात, म्हणून पॉइंटच पुढे आणून घ्या. ६ अँपिअरच्या सॉकेटला १६ चा प्लग बसवणारा अडॅप्टर तर घरात ठेवूच नका.

परक्या घरी आधी सॉकेट १६ अँपिअरचे आहे का आणि प्लग घट्ट बसतो का ते बघा. डब्यावर सोय असेल तर ८ अँपिअरवर लावा, पहिल्या अर्ध्या तासानंतर प्लग चाचपा, मगच झोपायला जा.

१२. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर चार्ज करता येईल का?

घरगुती इन्व्हर्टरवर नाही. ८००-१००० व्हीएचा इन्व्हर्टर ३३०० वॉट कुठून देणार? ५ केव्हीएचा जनरेटर भार पेलतो, तरी डबा अर्थ फॉल्ट दाखवतो, कारण छोट्या जनरेटरचा न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो, तरंगता असतो. त्यासाठी जनरेटरच्या टोकाशी न्यूट्रल अर्थ करून स्वतंत्र इलेक्ट्रोड द्यावा लागतो. हे काम परवानाधारक ठेकेदाराचे आहे आणि ते घराच्या लाइनपासून पूर्ण वेगळे ठेवावे लागते. प्रश्न ५ मधली जोडणी ही नव्हे.

१३. गन गाडीत अडकली, निघत नाही.

ओढू नका. टाइप २ मध्ये गाडीच्या बाजूची एक छोटी खीळ गन धरून ठेवते. गाडी किल्लीने एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करा आणि त्याच वेळी गन थोडी आत ढकला. बहुतेकदा वायरीच्या वजनाने खिळीवर ताण आलेला असतो. तरी नाही निघाली तर बऱ्याच गाड्यांना बॉनेटखाली किंवा डिकीच्या आतल्या बाजूला हाताने ओढायची दोरी असते, तिची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. वारंवार अडकत असेल तर दोष गाडीच्या लॉकचा आहे, चार्जरचा नाही.

१४. चार्जर पावसात भिजला. वाळवून वापरू का?

वरून पाऊस पडला असेल आणि डब्याला आयपी ६५ किंवा ६७ असा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा असेल तर डबा आणि गन सहसा ठीक असतात. प्रश्न प्लगचा असतो, त्याला तो दर्जा नसतो. प्लग आणि गन दोन्ही तोंडे खाली करून, पंख्याखाली दिवसभर ठेवा. गनच्या भोकांत हिरवट थर दिसला तर ती वापरू नका. डबा पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यात बुडाला असेल तर मात्र वाळल्यावर दिवे नीट लागले तरी तो बाद समजा. गाळ आणि क्षार आत राहतात आणि पुढच्या दमट रात्री करंटला वाट करून देतात.

१५. उंदराने वायर कुरतडली आहे, प्लगही जळाला आहे. बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेऊ का?

वॉरंटी असेल तर काहीही कापू नका. वॉरंटी संपली असेल तर प्लग बदलता येतो, पण साच्यात ओतलेल्या मूळ प्लगमध्ये तापमान सेन्सरच्या दोन बारीक वायरी असू शकतात. त्या कापल्या की काही डबे फॉल्ट देतात आणि काही डबे मुकाट्याने संरक्षणाशिवाय चालतात; दुसरे जास्त वाईट. नवा प्लग लावायचाच असेल तर निळा, तीन पिनचा, १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग आणि भिंतीवर त्याचेच सॉकेट लावा, पकड कितीतरी चांगली असते.

डबा ते गन यामधली वायर कुरतडली असेल तर टेप गुंडाळून भागत नाही. त्यात पॉवरच्या वायरींसोबत सिग्नलची बारीक वायर असते आणि ओल तिथूनच आत शिरते. ती अखंड बदलावी लागते.

१६. गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात, पण चार्जिंग चालू आहे.

गाडीला पुन्हा हात लावू नका, गनलाही नको. आधी डीबीतला एमसीबी पाडा आणि भिंतीतला प्लग काढा, मग गन. अर्थ तुटलेले आहे आणि कुठेतरी गळती आहे, किंवा प्रश्न ५ मधला उद्योग कुणीतरी केलेला आहे. अर्थिंग तपासून होईपर्यंत त्या पॉइंटवर काहीच लावू नका.

१७. वॉरंटीत बदलून घ्यायला सर्व्हिस सेंटरला काय काय दाखवू?

डब्यावरच्या अनुक्रमांकाचा फोटो, गाडीचे बिल, आणि प्लग लावल्यापासून लाल दिवा येईपर्यंतचा अखंड व्हिडिओ, ज्यात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजता येईल. 'तुमच्या घरचे अर्थिंग खराब आहे' हे उत्तर ठरलेले असते, म्हणून वायरमनकडून प्रश्न ४ मधली तीन रीडिंग लोड नसताना आणि लोडवर अशी दोन्ही लिहून, सही घेऊन जा. दुसऱ्या इमारतीत आणि दुसऱ्या गाडीवर चार्जर चालला नाही याचाही व्हिडिओ असेल तर वाद तिथेच संपतो. गाडीतले फॉल्ट कोड स्कॅनरने काढून त्याची प्रत मागा, जॉब कार्ड नंबर घ्या, आणि नाकारले तर कारण लेखी मागा. तोंडी नकार स्वीकारू नका. बदली येईपर्यंत तात्पुरता चार्जर द्यायला सांगा, मागितला तर पुष्कळदा मिळतो. डब्याचे स्क्रू मात्र उघडू नका, सील तुटले की सगळे मुसळ केरात.

१८. लेखी तक्रार करूनही दाद लागत नाही. पुढे काय?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा. बरेचसे वाद इथेच सुटतात. नाही सुटला तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गाडी कुठेही घेतलेली असो. मुदत दोष उद्भवल्यापासून दोन वर्षे. शुल्क मोजलेल्या किमतीवर ठरते: पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. चार्जर गाडीसोबत मिळाला असेल तर किंमत गाडीची धरली जाऊ शकते, हे लक्षात ठेवून शुल्क भरा. ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या होतो आणि वकील सक्तीचा नाही.

१९. नवा पोर्टेबल चार्जर बाहेरून घ्यायचा आहे. काय बघू?

टाइप २ गन, १६ अँपिअरची मर्यादा, करंट कमी करण्याचे बटण, किमान ५ मीटर वायर, आणि ३० मिलीअँपिअर एसी गळतीसोबत ६ मिलीअँपिअर डीसी गळतीचे संरक्षण. शेवटचे फार जण बघत नाहीत. गुळगुळीत डीसी गळती घरातल्या साध्या आरसीसीबीला आंधळे करते, म्हणून डब्याने ती पकडायला हवी. माहितीपत्रकात आयईसी ६२७५२ हे मानक लिहिले आहे का ते बघा. '७ किलोवॉट पोर्टेबल' म्हणून ३२ अँपिअरच्या डब्याला १६ अँपिअरचा तीन पिन प्लग लावून विकतात. तो घेऊ नका. आणि ज्याच्या जाहिरातीत 'अर्थिंगशिवाय चालतो' असे लिहिले आहे, तो कितीही स्वस्त असला तरी घरात आणू नका.

२०. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या नातेवाइकांनी त्यांचा जुना चार्जर दिला. इथे चालेल का?

अमेरिकेतून आला असेल तर बहुधा नाही. तिथली टाइप १ ची गन आपल्या टाइप २ च्या खोबणीत बसतच नाही आणि तिथले साधे डबे १२० व्होल्टचे असतात. युरोपातला टाइप २ चा चार्जर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचाच असल्याने विजेच्या दृष्टीने चालतो. अडचण प्लगची येते. तिकडचा गोल दोन पिनांचा प्लग अर्थ बाजूच्या पट्ट्यांतून घेतो, आणि इथले स्वस्त ट्रॅव्हल अडॅप्टर ती पट्टी जोडतच नाहीत, म्हणून पुन्हा अर्थ फॉल्ट. ब्रिटनच्या प्लगमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज असतो, तो डबा १० अँपिअरच्या आसपासच मर्यादा देतो. दोन्ही बाबतीत अडॅप्टर न वापरता प्रश्न १५ मध्ये दिल्याप्रमाणे प्लग बदलून घ्या, सेन्सरच्या वायरी आहेत का ते आधी बघून.